तुम्ही थांबा, मी येतो

माझ्या साखरपुड्याच्या दिवशी दोन गाड्यांची समोरासमोर धडक झाली. एक गाडी माझ्या वडिलांची होती, दुसरी माझ्या होणाऱ्या सासऱ्यांची. हे सांगितलं की लोक आधी हसतात, मग माझ्या उजव्या हाताकडे बघतात आणि हसू आवरतात. त्यांनी आवरू नये. दुसऱ्या कुणाचं असतं तर मीही हसले असते.

आमचं गाव तलवाड्याच्या बाजूचं, पाहुणे शिरूर कासारकडचे. सोयरिकीत पाहुण्यांना सामोरं जायचं असतं. नुसतं दारात उभं राहिलं तर माणूस ताठ्याचा समजतात. अण्णा, म्हणजे माझे वडील, या बाबतीत फार कडक. गेवराईच्या पार्लरमधून मला घेऊन ते घराकडे निघाले होते. तेवढ्यात पाहुण्यांचा, म्हणजे होणाऱ्या सासऱ्यांचा, फोन आला की फाटा चुकला, कुठल्या तरी कालव्याच्या रस्त्याला लागलोय. अण्णांनी लगेच गाडी कालव्याकडे वळवली.

"पाव्हणं, तुमी तितंच थांबा, मी येतो न्यायला," अण्णा म्हणाले. फोन स्पीकरवर होता.

"तुमी कावून तरास घेता? तुमीच थांबा, आमी येतो."

"न्हाई न्हाई, मी येतो."

"न्हाई, आमी आलोच."

थांबलं कुणीच नाही. वळणावर बाभळींच्या गर्दीत पलीकडचं दिसत नव्हतं. दोघंही रस्त्याच्या मधोमध, एक हात स्टिअरिंगवर, दुसऱ्या हातात फोन. धडकेआधीचं अण्णांचं शेवटचं वाक्य होतं, "दिसली, दिसली तुमची गाडी."

माझा उजवा हात तेव्हा डॅशबोर्डवर पसरलेला होता. नेलपॉलिश ओली होती आणि मी ती एसीच्या हवेवर वाळवत होते.

अण्णांचा ओठ फुटला, पाहुण्यांच्या कपाळाला खोक पडली. दोघं खाली उतरले आणि रस्त्यात उभं राहून एकमेकांना हात जोडले. चूक माझी, असं अण्णा म्हणाले. छे, चूक आमची, पाहुणे म्हणाले. हे बराच वेळ चाललं. मी गाडीतून हाका मारत होते, पण हळूच, कारण मोठी माणसं बोलत असताना मध्ये बोलू नये ही शिकवण आमच्या घरात सगळ्यांच्याच अंगवळणी पडली होती. पोलीस आले तेव्हा दोघांनी जबाबातही तेच लिहून दिलं आणि सह्या केल्या. फोनचा विषय दोघांनीही काढला नाही. काढला असता तर समोरच्याची शोभा झाली असती.

मनगट दोन ठिकाणी मोडलं होतं. पट्टी बसवली, स्क्रू बसवले, पण अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट पुन्हा नीट जुळलं नाही. मी ब्लाऊज शिवायचे. हौस म्हणून नाही, धंदा म्हणून. लग्नसराईत बायका माझ्याकडे नंबर लावून बसायच्या. कात्री धरायला नेमकी तीच दोन बोटं लागतात, हे मला कात्री हातातून पडल्यावर समजलं.

लग्न मोडलं असं कुणी म्हटलं नाही. ते म्हणाले, पोरीचा हात बरा होऊ द्या, घाई नाही. अण्णा म्हणाले, तुमची सवड बघा. अशा सवडी बघता बघता चार महिन्यांनी त्यांच्या मुलाची पत्रिका आमच्याकडे आली. मुलगी दुसरी होती. अण्णा लग्नाला गेले, आहेर केला, टोपी-टॉवेल घेऊन आले आणि जेवण चांगलं होतं असं म्हणाले.

त्या दिवशी मला इतका राग आला की मी दुसऱ्या दिवशी एस.टी.ने बीडला गेले. तिथे ओळखीच्या एक वकीलबाई होत्या. त्यांनी माझा हात उलटा-सुलटा बघितला आणि विचारलं, "गाडी तू चालवत होतीस का?"

"नाही."

"मग दोघांपैकी चूक कुणाचीही असो, तुझा हक्क शाबूत आहे. तू दोघांकडूनही भरपाई मागू शकतेस. पैसे विमा कंपन्या देतील, पण दाव्यात नावं गाडीवाल्यांची घालावी लागतात. आणि सहा महिन्यांच्या आत दावा टाकलेला बरा."

म्हणजे मी अर्जदार, गैरअर्जदार क्रमांक एक माझे वडील, आणि त्यांच्याखाली माझे न झालेले सासरे.

घरी आल्यावर मी अण्णांना सांगितलं. ते सुपारी कातरत होते. "माझ्यावर कर की केस," ते म्हणाले. "पर पाव्हण्यांवर कशी करतीस?"

"ते आता पाव्हणं ऱ्हायलेत कुटं?"

अण्णा पुन्हा सुपारी कातरायला लागले. नोटीस पोहोचली त्या दिवशी पाहुण्यांचा फोन आला. नोटीस मिळाली, घरी सगळे बरे आहेत ना, असं त्यांनी विचारलं. अण्णांनीही सगळ्यांची खुशाली सांगितली.

दावा चालू झाला आणि दोघांच्या भलेपणाची फळं मला मिळू लागली. अण्णांच्या विमा कंपनीचे वकील म्हणायचे, समोरच्यानं चूक लेखी कबूल केली आहे, आमचा संबंध नाही. समोरच्या कंपनीचे वकील अण्णांचा जबाब दाखवायचे. दोन्ही कागद खरे होते. धडक कशी झाली ते सांगणारी मी एकटीच उरले.

माझ्या साक्षीच्या दिवशी अण्णाच मला बीडला घेऊन गेले. गैरअर्जदारानं अर्जदाराला कोर्टात सोडायला जावं यात त्यांना काही वावगं वाटलं नाही. वाटेत फक्त एवढं म्हणाले, "फोनचं तेवढं काढू नकू. त्यांची लई शोभा हुईल."

मी खिडकीची काच खाली केली.

उलटतपासात एका वकिलांनी विचारलं, "हात डॅशबोर्डवर कशासाठी ठेवला होता?"

"नेलपॉलिश वाळवत होते."

"म्हणजे इजा तुमच्याच निष्काळजीपणामुळे झाली."

"नेलपॉलिश गाडी चालवत नव्हती, साहेब."

न्यायाधीशांनी मान खाली घालून काहीतरी लिहिलं. मग दुसऱ्या वकिलांनी विचारलं, चूक नक्की कुणाची? अण्णा मागच्या बाकावर बसले होते, त्यांच्या शेजारी पाहुणे. इतकी जागा मोकळी असून दोघं एकाच बाकावर बसले होते.

"दोघांची," मी म्हणाले. "दोघं फोनवर बोलत होते. एकमेकांशीच. तुम्ही थांबा, मी येतो, असं दोघं म्हणत होते, आणि थांबलं कुणीच नाही."

कोर्टात कुणीतरी हसलं. अण्णा फरशीकडे बघत राहिले.

निकाल पुढे वर्षभरानं लागला. चूक निम्मी निम्मी, भरपाई दोन्ही कंपन्यांनी द्यायची. त्यातून मी दुकान टाकलं. आता मापं मी घेते आणि कापायला बाई ठेवली आहे. पण निकालाचा दिवस माझ्या नीट लक्षात नाही. लक्षात आहे तो साक्षीचा.

बाहेर आलो तर दोघांच्या गाड्या फाटकाजवळ एकमेकींना आडव्या उभ्या होत्या. आधी तुमी काढा, अण्णा म्हणाले. न्हाई, आधी तुमी, पाहुणे म्हणाले. मागे दहा-बारा गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या तेव्हा कुठं आम्ही निघालो.

शहर मागे पडलं आणि अण्णांचा फोन वाजला. पाहुण्यांचाच होता. अण्णांचा हात सवयीनं फोनकडे गेला आणि मध्येच थांबला. त्यांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, बंद केली, हँडब्रेक ओढला. फोन वाजून वाजून थांबला. मग त्यांनी माझा उजवा हात आपल्या हातात घेतला आणि अंगठा बोटाला टेकतो का ते हळूच करून बघितलं. टेकत नाही.

"चूक माझी हाय, बाई," ते म्हणाले.

हे त्यांनी पाहुण्यांना सांगितलं होतं, पोलिसांना लिहून दिलं होतं. मला आज पहिल्यांदा सांगत होते. मला रडू आलं, आणि इतके दिवस मी नुसती याचीच वाट बघत होते हे कळून स्वतःचा रागही आला.

फोन पुन्हा वाजला. मी तो डाव्या हातानं उचलला.

"पाव्हणं," मी म्हणाले, "आमी थांबलोय. तुमी व्हा म्होरं."