दिसले, पण ऐकू आले नाही

"मॅडम, ते ताट धरा जरा."

मी तिथे तज्ज्ञ म्हणून गेले होते. जालन्यात फुटबॉलची स्पर्धा होती. एक लोकल चॅनल उपांत्य सामना थेट दाखवणार होतं आणि सामन्यावर बोलायला दोघं बसणार होतो. एक कॉलेजचे क्रीडाशिक्षक, त्यांना सगळे नुसतं सर म्हणायचे. दुसरी मी. विद्यापीठाच्या संघातून तीन वर्षं बॅक म्हणजे बचावाच्या जागेवर खेळलेली, पंचाची परीक्षा पास झालेली, आता एका शाळेत पोरींना खेळ शिकवणारी. पण सत्काराची वेळ झाली आणि शाल-श्रीफळाचं ताट माझ्या हातात आलं. आपल्याकडे सत्कार म्हटला की ताट धरायला बाई लागतेच. सरांना शाल मिळाली. स्पर्धेच्या अध्यक्षांना मिळाली. अध्यक्षांच्या मेहुण्यालाही मिळाली, ज्याला फुटबॉल गोल असतो यापलीकडे काही ठाऊक नव्हतं. मी ताट धरून उभी. वर हसत होते. ते आठवलं की आजही लाज वाटते.

म्हटलं जाऊ दे. दोन मिनिटांचं ताट, नंतर दीड तास माईक आहे.

मांडवात टेबल होतं. दोन खुर्च्या, दोन माईक. टीव्हीवर जाणारा आवाज ऐकायला कानाला लावायचं यंत्र एकच होतं, ते सरांनी लावलं. मला म्हणाले, "तुम्हाला काय करायचंय? तुम्ही बोला फक्त." मी बोलले. मनापासून बोलले. पांढऱ्या जर्सीवाल्यांचा डावा बॅक सारखा पुढे पळत होता आणि परत यायला उशीर करत होता. मी म्हणाले, "याच्या मागे सगळी जागा मोकळी पडतेय. गोल खायचा झाला तर इथूनच खाणार." दहा मिनिटांनी तिथूनच गोल झाला. माझ्या अंगावर काटा आला. मी आणखी बोलले. कुणाचे पाय थकलेत, कुणाला बदलायला हवं, पंचाने कुठे चूक केली. सर मान हलवायचे आणि मी थांबले की बोलायचे. मैदानावरच्या भोंग्याच्या गोंगाटात त्यांचं बोलणं मला धड ऐकू येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती आणि अंतिम सामना त्याच्या पुढच्या दिवशी. मी सकाळच्या एसटीने आष्टीला उतरले, तिथून जीपने गावी गेले.

माझा बाप मेंढरं राखतो. आयुष्यात त्याने फुटबॉलचा सामना पाहिला नव्हता. उपांत्य सामन्याच्या दिवशी मात्र त्याने मेंढरं चुलत्याकडे दिली, पटका धुऊन बांधला आणि गावातल्या शिलाईच्या दुकानात जाऊन बसला, कारण मोबाइल जोडता येईल असा मोठा टीव्ही तिथेच होता. बरोबर सात-आठ जणांना घेऊन गेला. लेक टीव्हीवर बोलणार म्हणून.

मी ओट्यावर बसले तर त्याने पाणी दिलं आणि हळूच म्हणाला, "घाबरली असशील माय. होतं तसं."

"कशाला घाबरीन?"

"एक शब्द न्हाई बोलली तू. तोंड हालत होतं नुसतं." मग मला बरं वाटावं म्हणून म्हणाला, "ते सर बाकी हुशार हायेत बरं. गोल व्हायच्या आधीच सांगितलं त्यांनी, इथून होणार म्हणून. बिलकुल तसंच झालं."

मी उठले, सरळ दुकानात गेले आणि सामन्याची चित्रफीत लावायला सांगितली. शिलाईवाल्या काकांनी मशीन थांबवून लावली.

पडद्यावर मी होते. निळी साडी, विंचरलेले केस. मी हात हलवून काही सांगतेय. आवाज नाही. माझे ओठ थांबतात आणि सरांचा आवाज येतो, "याच्या मागे सगळी जागा मोकळी पडतेय. गोल खायचा झाला तर इथूनच खाणार." माझंच वाक्य. शब्दही बदलला नव्हता. दीड तास तेच. माझं तोंड आणि त्यांचा आवाज.

मी त्या दुकानात रडले, कापडाच्या तुकड्यांवर बसून. काकांनी पंखा लावला आणि बाहेर जाऊन उभे राहिले.

घरी येऊन बापाला सांगितलं. माईक बंद ठेवला होता, ते बोलणं माझं होतं. तो पटक्याचं टोक उलगडत बसला. मला वाटलं त्याला पटलं नाही. मग त्याने विचारलं, "आवाज बंद करायचा व्हता, मंग तुला खुर्ची कशाला दिली?"

तेवढं विचारायला मी परत जालन्याला गेले.

अंतिम सामन्याच्या दिवशी आधी आवाजाच्या यंत्रांवर बसलेल्या माणसाला गाठलं. तो खाली बघत म्हणाला, "मॅडम, माझ्यावर नका येऊ. अध्यक्षसाहेबांनी सांगितल्तं." सर बाजूलाच चहा पीत होते. त्यांना म्हणाले, "माझी वाक्यं तुम्ही बोललात." ते म्हणाले, "अहो, माहिती लोकांपर्यंत पोचली ना? कोण बोललं याला काय महत्त्व?"

तशीच अध्यक्षांकडे गेले. ते चिडले नाहीत. समजावणीच्या सुरात बोलले, तेच जास्त लागलं. "बाईच्या आवाजात मॅच बरी वाटत न्हाई हो. लोकांचे फोन आले अस्ते. म्हणून म्हटलं, दिसू द्या फक्त. आम्ही बायांना पुढं आणतो, हे बी दिसलं पायजे ना?"

बापाच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. खुर्ची माझ्यासाठी नव्हतीच. त्यांचा मोठेपणा दिसावा म्हणून ती मांडली होती आणि मी तिच्यावरचं प्लास्टिकचं फूल होते.

गळ्यातलं ओळखपत्र काढून मी टेबलावर ठेवलं. "माझा आवाज जाणार नसेल तर माझं तोंड दाखवायचं नाही. परवाचं पण काढा."

"बघा बरं. परत कोणी बोलावणार न्हाई."

"नका बोलावू."

मांडवाबाहेर आले आणि मागे वळून पाहिलं. माझ्या खुर्चीवर कॉलेजातली एक मुलगी आणून बसवली होती. तिच्यापुढे माईकसुद्धा ठेवला नव्हता. ती केस नीट करत होती, खूश होती. तिचा राग आला नाही. दोन दिवसांपूर्वी मीही तशीच खूश होते.

त्यानंतर दोन स्पर्धा झाल्या. कुणी बोलावलं नाही. ती चित्रफीत चॅनलच्या पानावर अजून तशीच आहे. खाली लोकांनी लिहिलंय, 'मॅडम मुक्या आहेत का', 'सरांचा अभ्यास जबरदस्त'. शाळेच्या मुख्याध्यापकांनी बोलावून सांगितलं, मोठ्या लोकांशी जरा जपून. मी हो म्हटलं नाही.

बाप अधूनमधून विचारतो, "परत कवा येशील टीव्हीवर?" मी सांगते, बोलू देतील तेव्हा. तो मान हलवतो आणि मेंढरांमागे निघतो. आता त्याला फार लांब चालवत नाही, कानानेही कमी ऐकू येतं. एखाद दिवशी मला बोलू देतीलही, पण तोवर तो असेल असं नाही. माझा बाप मला टीव्हीवर कधीच न ऐकता जाईल, हे दुःख मी गिळीन. पण मुकी बसून त्याला पुन्हा दिसणार नाही.