लिव्हरचा काळा फोटो

बायकोच्या लिव्हरचा फोटो चुलीवर ठेवणारा माणूस आमच्या जोयडा तालुक्यात मी एकटाच असेन. आणि ठेवला तोही अगदी शहाणपणानं.

आमच्या गुंद गावात पावसाळ्यात काही कोरडं राहत नाही. पेटीतल्या धोतराला बुरशी येते, आगपेटीची काडी ओढली की गुलच गळून पडतो. म्हणून घरोघरी चुलीवर, डोक्याच्या उंचीला, बांबूची ताटी टांगलेली असते. आमसुलं, लसूण, बियाणं, सगळं तिथं. जपायचं ते धुरात. बेळगावहून सोनोग्राफीचा फोटो आणला, तेव्हा मी तो पिशवीतून बाहेर काढून (पिशवीत घाम धरेल म्हणून!) काकडीच्या बियांशेजारी ठेवून दिला. पुढच्या आठवड्यात येताना घेऊन या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

नव्वद सालानंतरची गोष्ट. हिच्या उजव्या बरगडीखाली दुखायचं. पित्ताचे खडे असतील म्हणून बेळगावला गेलो, तर खडे नव्हतेच. डॉक्टरांनी यंत्राच्या पडद्यावर बोट ठेवलं. करड्या धुक्यात एक पांढरा ठिपका.

“लिव्हरमध्ये गाठ आहे.”

“कॅन्सर?” मी विचारलं. विचारायचं नव्हतं, तोंडातून निसटलं. ही खाटेवर पोटाचं चिकट मलम पुसत होती. तिचा हात तिथंच थांबला.

“बहुतेक साधी असावी. रक्तवाहिन्यांचं गुंतवळ असतं, तशी. पण गाठ आहे एवढंच हे यंत्र पक्कं सांगतं. कसली, ते नाही. पुढच्या आठवड्यात सीटी स्कॅन करू.”

तो आठवडा आम्ही ‘बहुतेक’ या एका शब्दावर काढला.

जायच्या दिवशी सकाळी मी ताटीवर हात घातला, फोटो काढला आणि चुलीच्या उजेडात धरला. फोटो काळा! ठिपका नाही, धुकं नाही, कोळशासारखा काळा.

“वाढली,” मी म्हणालो.

“काय वाढली?” म्हणत ती वाकली. बघितलं आणि म्हणाली, “सगळंच गेलं की वो.”

आतल्या लिव्हरबरोबर कागदावरचा फोटोही बदलतो, असं मला का वाटावं? पण वाटलं. शपथेवर सांगतो, तेव्हा त्यात काही विचित्रसुद्धा वाटलं नाही.

ती रडली नाही. चुलीतली लाकडं मागं ओढली आणि सांगायला लागली, “म्हशीला कोंडा भिजवूनच घाला, सुका खात न्हाई ती. धाकट्या पोरीला तापाची गोळी दुधातनं द्या, पान्यातनं दिली की वकती.”

“अगं, संध्याकाळी परत यायचंय आपल्याला.”

“व्हय. तरी ऐकून ठेवा.”

त्या काळ्या फोटोपेक्षा मला त्या कोंड्याची भीती वाटली. रामनगरवरून बेळगावपर्यंत एसटीत मी कोंडा, दूध, गोळी असं मनात घोकत राहिलो.

डॉक्टरांनी फोटो हातात घेतला आणि चक्क हुंगला. “धुराचा वास कसला?”

मी ताटी सांगितली, बियासुद्धा सांगितल्या.

“अहो, हा कागद उष्णतेनं काळा पडतो! झालंय ते कागदाला.” ते खुर्चीत हलून हलून हसले. मी हसलो नाही. कागद निर्दोष सुटला होता, गाठ नव्हती सुटली.

“सुई घालून तुकडा काढून बघता येत नाही?” मी विचारलं.

“रक्तवाहिन्यांची गाठ असली तर सुईनं आत रक्त वाहायचं. आधी सीटी.”

हिच्या शिरेत औषध सोडून तिला त्या गोल यंत्रात सरकवलं. बाहेरच्या बाकावर मी बसलो, उठलो, परत बसलो. मग डॉक्टरांनी उजेडाच्या पेटीवर फिल्म लावली आणि आम्हा दोघांना जवळ बोलावलं.

“हे बघा. आधी गाठ काळसर, फक्त कडेला पांढरे ठिपके. थोड्या वेळानं पांढरं आत सरकलं. शेवटी गाठ भरली.”

भाताच्या खाचरात पाणी बांधाकडून आत पसरत जावं, तसंच दिसत होतं.

“औषध रक्ताबरोबर असं कडेनं सावकाश भरत गेलं, म्हणजे रक्तवाहिन्यांचीच गाठ. सोनोग्राफीत ती थांबलेली दिसते, इथं तिची चाल कळली. कॅन्सर नाही.”

“मग कापायची?”

“कशाला? ती काही करत नाही, नुसती पडून राहते. वर्षानं एकदा बघू. दुखतंय ते पित्तानं, त्याला गोळ्या देतो.”

मी त्या फिल्मसमोरून हलेना. शेवटी पेशंटनंच मला दंडाला धरून बाहेर आणलं.

स्टँडवर तिनं पिशवीतल्या गोळ्या मोजल्या. मग म्हणाली, “डाक्टर काय म्हनला? ती काय करत न्हाई, नुसती पडून ऱ्हाती?”

“व्हय.”

“मग ऱ्हाऊ दे की. तसलं एक मानूस लगीन झाल्यापास्नं घरात हाय. मला सवय हाय.”