सहीआधी वीस वेळा

विरारला चंदनसारमध्ये माझा सायबर कॅफे होता. हौसेने नवी ऑपरेटिंग सिस्टीम टाकली आणि आठही कॉम्प्युटरचं इंटरनेट बंद पडलं. माझ्या जुन्या नेटवर्क कार्डांसाठी कंपनीने नवा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्राम, काढलाच नव्हता. रोजची गिऱ्हाइकं समोरच्या कॅफेत जायला लागली. त्यातल्याच एकाने दया येऊन भुईगावचा एक माणूस आणला.

पन्नाशीचा, पायात स्लिपर, खिशात सुकेळी, म्हणजे वसईकडची वाळवलेली केळी. या कार्डांचा ड्रायव्हर त्याने स्वतः लिहिला होता आणि कोड इंटरनेटवर सगळ्यांसाठी फुकट ठेवला होता. त्याने तो माझ्यासमोर नव्या सिस्टीमसाठी तयार केला. मग वीस वेळा केबल उपसली, वीस वेळा खोचली. दर वेळी हिरवा दिवा लागला की मान डोलवायचा आणि सुकेळ्याचा तुकडा तोंडात टाकायचा. एवढं झाल्यावरच त्याने गळ्यातल्या दोऱ्याचा पेनड्राइव्ह काढून ड्रायव्हरला आपली डिजिटल सही जोडली.

"कोड फुकट, उघडा. मग सही कशाला?" मी विचारलं.

"सहीशिवाय सिस्टीम ड्रायव्हर फक्त चाचणीपुरता घेते," तो हसला. "आणि अहो, बिघडलं तर शिव्या कुणाला द्यायच्या, ते कळायला नको?"

महिन्याभराने एक कॉम्प्युटर अडला. मी तडक ती सही उघडली, नाव वाचलं आणि त्या नावाने मनसोक्त शिव्या घातल्या. मग टेबलाखाली वाकलो. केबल उंदराने कुरतडली होती.

नाव अजून पाठ आहे. इथे मुद्दाम लिहीत नाही. नाहीतर आणखी कुणीतरी उंदराच्या वाटच्या शिव्या त्याला घालेल.