खोबरेल तेल आणि तीन डोंगर

शनिवारी सकाळी आम्ही बेलव्ह्यूहून निघालो तेव्हा पाऊस पडत होता. सिअ‍ॅटलच्या बाजूला एप्रिलमध्ये पाऊस पडत होता असं लिहिणं म्हणजे सांगलीत मे महिन्यात उकडत होतं असं लिहिण्यासारखं आहे, पण प्रवासाची हकीकत हवामानापासून सुरू करायची असते म्हणे. गाडीच्या टपावर चार लांब फळ्या दोरीने करकचून बांधल्या होत्या. दोन यांच्या, दोन माझ्या. 'हे' म्हणजे माझे यजमान, मधुकर. विमानाच्या कारखान्यात इंजिनिअर आहेत. त्यामुळे दोरीची गाठ त्यांनी तीनदा तपासली, टायरमधली हवा दोनदा आणि मी गाडीत बसले आहे की नाही हे एकदा.

स्कीइंग म्हणजे पायाला फळ्या बांधून बर्फाच्या उतारावरून घसरत खाली येणं. हे मी माझ्या जाऊबाईंना फोनवर समजावून सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "अगं बाई! कुणी करायला लावतं का?" कुणी लावत नाही. मुलगी कॉलेजच्या वसतिगृहात गेली, शनिवार-रविवार घर खायला उठायला लागलं, म्हणून आम्ही हिवाळ्यात शिकवणी लावली. आता हंगाम संपत आला होता. कॅस्केड पर्वताला वळसा घालत दोन दिवसांत तीन ठिकाणी स्कीइंग करायचं आणि रविवारी संध्याकाळी घरी परतायचं असा बेत होता.

त्या संध्याकाळवर एक टांगती तलवार होती. यांचे थोरले भाऊ, दादा, सांगलीला शेतीचे पंप बनवतात. कारखाना वाढवायचा आहे, तू परत ये आणि अर्धा सांभाळ, असं ते दीड वर्ष म्हणत होते. हे दर वेळी "बघू" म्हणायचे. शेवटी दादांनी बजावलं, रविवारी फोन कर आणि काय ते एकदाचं सांग. मला जायचं नव्हतं. मी इथल्या वाचनालयात काम करते, गाडी चालवते, आणि बारा वर्षांनी कुठे मला स्वतःचं असं काही सापडलं आहे. हे मात्र "जायला पाहिजे" म्हणायचे, आणि तेही औषध घ्यायला पाहिजे म्हणतो त्या सुरात.

डोंगर दिसायला लागले तशी मी विषय काढला.

"अहो, उद्या दादांना काय सांगणार आहात?"

"मी म्हणतो जाऊ, तू म्हणतेस नको. मग पैज लावू या," हे म्हणाले. "उद्याच्या शेवटच्या डोंगरावर, वरपासून खालपर्यंत, जो न पडता उतरेल त्याचं चालेल."

मी यांच्याकडे बघतच राहिले. हा माणूस दुधाची पिशवी घेतानाही चार वेळा तारीख बघतो.

"आणि दोघंही न पडता उतरलो तर?"

"तसं होणार नाही," हे इतक्या खात्रीने म्हणाले की मला रागच आला. स्वतःला समजतात कोण! मी म्हटलं, "डन."

पहिला डोंगर हमरस्त्यालगतच्या स्नोक्वाल्मी खिंडीत. तिथेही पाऊस होता, आणि पावसात भिजलेला बर्फ काय असतो ते मला त्या दिवशी कळलं. इथले लोक त्याला सिमेंट म्हणतात. वर जायला दोरखंडाला टांगलेल्या खुर्च्यांचे पाळणे असतात. पाळण्यात बसणं जमतं, उतरणं जमत नाही. मी उतरले ती थेट पाळणेवाल्याच्या मिठीत. तो सवयीने "वेलकम" म्हणाला.

खाली येताना फळ्यांची टोकं एकमेकींकडे वळवून वेग कमी करायचा असतो. आमचे शिक्षक त्याला 'नांगर' म्हणायचे. नांगर सांगलीकरांना उपजतच येत असावा, पण मला त्याची गरजच पडेना. भाड्याने आणलेल्या माझ्या फळ्यांचे तळ कोरडे ठणठणीत होते. त्या दर दहा पावलांना सिमेंटात रुतायच्या आणि वरचं शरीर पुढे निघून जायचं. मी इतक्या वेळा पडले की शेवटी मला उठवायचा लोकांनाही कंटाळा आला. हे पडले नाहीत. उतार सोडून कडेकडेने, पाणंदीतून चालावं तसे, ते सावकाश खाली आले.

"नांगर ठीक आहे तुझा," हे मला ओढून उभं करत म्हणाले. "फळ्यांना तळाला मेण लावायला पाहिजे. सगळे लावतात."

"आता कुठून आणू मेण? देवघरातली मेणबत्ती आणली असती तर बरं झालं असतं!" मी खेकसले. सांगली मला समोर दिसायला लागली होती.

दुपारी गाडीतच दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. तिथून पूर्वेला उतरलं की जादू होते. पाऊस खिंडीतच अडतो, आभाळ निळं होतं आणि पाइनच्या झाडांखालची माती कोरडी, तांबूस दिसायला लागते. संध्याकाळी आम्ही लेव्हनवर्थ नावाच्या गावात पोचलो. या गावाने काही वर्षांपूर्वी ठरवलं, आपण जर्मनीतलं खेडं व्हायचं, आणि झालं! घरांना लाकडी सज्जे, भिंतींवर चित्रं. उपाहारगृहातल्या मुलीने झालरीचा झगा घातला होता, पण ती बोलायला लागली तेव्हा कळलं, ती शेजारच्याच गावची. आम्ही बटाट्याची धिरडी मागवली. सोबत सफरचंदाचा गोड लगदा आला. मी पर्समधून चटणीची पुडी काढली, तेव्हा हे आजूबाजूला बघून मगच म्हणाले, "मलाही दे."

मोटेलवर येऊन बघते तो माझी खोबरेल तेलाची बरणी गाडीतल्या थंडीत थिजून दगड झालेली. मी दर रविवारी सकाळी केसांना तेल लावते, बर्फ असो नाही तर वाळवंट. सकाळी मी अंघोळीला गेले आणि यांना म्हटलं, बरणी जरा हीटरजवळ ठेवा. परत आले तर हे बाहेर गाडीपाशी होते आणि बरणीतल्या पांढऱ्या तेलात चांगला मुठीएवढा खड्डा पडला होता.

"अहो, तेल कुठे गेलं?"

"सांडलं असेल," हे आत येत म्हणाले. थिजलेलं तेल सांडतं कसं, हा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता. पण माझं डोकं पैजेत होतं.

दुसरा डोंगर वेनॅची गावाच्या वर. वाटेत नुसत्या बागाच बागा. सफरचंदाला अजून फुलं नव्हती, पण जर्दाळू फुलला होता आणि खालची फुलं आणि वरचा बर्फ एकाच काचेतून दिसत होता. मला फार आनंद झाला. इतकं सुंदर काही बघितलं की मला आधी कुणाला तरी ते दाखवावंसं वाटतं, म्हणून मी यांच्या दंडाला चिमटा काढला.

वर लख्ख ऊन. रात्रीच्या थंडीने बर्फाचे जाड मिठासारखे दाणे झालेले. आणि माझ्या फळ्या! काल रुसलेल्या फळ्या आज अशा सुटल्या की मला नांगरावर नांगर घालावा लागला. दोनदा पडले, पण ती वेगामुळे, आणि त्या पडण्यालाही इज्जत होती.

पाळण्यात माझ्या शेजारी सत्तरीच्या एक बाई बसल्या, डॉट नावाच्या. त्यांची जर्दाळूची बाग होती. त्यांनी नाक वर करून वास घेतला.

"तुझं लोशन छान आहे. हवाई बेटांवर गेल्यासारखं वाटलं."

वसंतातल्या उन्हात इथे सगळेच अंगाला नारळाच्या वासाचं लोशन चोपडतात. मी म्हटलं, "ते लोशन नाही, माझ्या केसांचं तेल."

"हो का? मला तर वास पायाकडून येतोय," त्या हसून म्हणाल्या. मग विचारलं, "नवरा बरोबर आलाय?"

"आलेत. ते बघा, कडेकडेने येताहेत."

"नशीबवान आहेस. माझा खाली कॉफी पीत बसतो. त्याला भीती वाटते. पण लोकांना सांगतो, माझ्या बायकोचा गुडघा दुखतो म्हणून आम्ही स्की करत नाही." त्यांनी आपल्या ठणठणीत गुडघ्यावर थाप मारली. "तीस वर्षं हा गुडघा दुखतोय."

मी इतकी हसले की उतरायची जागा जवळजवळ चुकली. दुसऱ्याच्या नवऱ्याची गंमत कशी चटकन कळते!

दुपारी नदीच्या काठाने परतीची वाट धरली आणि तिसऱ्या डोंगरावर, स्टीव्हन्स खिंडीत पोचलो. पश्चिमेचे ढग इथवर येऊन थांबले होते. बर्फ पुन्हा पाणचट. हे म्हणाले, "तू आत जाऊन गरम चॉकलेट घेऊन ये, मी फळ्या काढतो." मी घेऊन आले तर माझ्या फळ्या बर्फात उभ्या करून ठेवलेल्या आणि हे रुमालाला हात पुसत होते.

वर पोचल्यावर खाली बघितलं. उतार लांबलचक होता आणि अगदी खाली गाडीतळाच्या जवळ एक सपाट पट्टा होता. काल अशाच सपाटीवर माझ्या फळ्या रुतल्या होत्या.

"शेवटचं विचारते, पैज कॅन्सल करायची?" मी म्हटलं. खरं तर माझी पाचावर धारण बसली होती.

"नाही," हे म्हणाले. "हो पुढे. आणि रिलॅक्स कर, गुडघे वाकव."

मी निघाले. पहिल्या वळणावर वाचले. दुसऱ्या वळणावर एक पोरगा माझ्या पुढ्यातून गेला, मी मराठीत दोन शब्द बोलले आणि वाचले. मधल्या चढउतारावर आणखी वाचले. सपाट पट्टा आला तसे मी डोळे मिटले, आणि फळ्या लोण्यातून सुरी जावी तशा पार निघून गेल्या. डोळे उघडले तेव्हा मी खाली होते, उभी होते, आणि शेजारच्या अनोळखी माणसाला "आय डिड इट!" म्हणून सांगत होते.

मग मागे वळून हे कुठे आहेत ते बघितलं. हे उतार छान उतरले होते. सपाट पट्ट्यावर आले. माझ्याकडे बघितलं. मग थांबले, खुर्ची मागे आहे का बघून बसावं तसे अलगद खाली बसले आणि आडवे झाले. तिथे लहान मूलही पडलं नसतं.

"पडलो!" हे हात वर करून ओरडले. इतक्या आनंदाने पडलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

गाडीपाशी आल्यावर मी माझ्या फळ्या उलट्या केल्या. तळाला पाइनच्या सुयांचा आणि काळ्या कचऱ्याचा थर चिकटला होता. मी बोट फिरवून वास घेतला. लहानपणी आई वेणी घालायची तेव्हाचा वास.

"माझं खोबरेल तेल!" मी ओरडले. "फळ्यांच्या तळाला?"

"थंडीत ते मेणासारखं होतं," हे इंजिनिअरच्या आवाजात सांगायला लागले. "म्हटलं प्रयोग करून बघू. सकाळी चाललं. दुपारी परत एक हात दिला."

"तुमच्या फळ्यांना लावलंत?"

हे टपावरची दोरी सोडायला लागले.

"म्हणजे मी जिंकावं म्हणून? आणि मुद्दाम पडलात? अहो, मग तुम्हाला जायचं आहे की नाही?"

फळ्या टपावर बांधून आम्ही निघालो. पावसाचे वायपर सुरू झाले होते. शेवटी हे म्हणाले, "नाही. मला माझं काम आवडतं इथलं. तिथे गेलो की मी परत धाकटा. सेहेचाळीसाव्या वर्षी मला धाकटं व्हायचं नाही, सुलभा. पण दादांना 'नाही' कसं म्हणू? वडिलांच्या मागे त्यांनी मला शिकवलं. पैज हरलो, सुलभा तयार नाही, असं सांगितलं तर त्यांना वाईट वाटणार नाही."

"माझ्याबद्दल वाटेल ना!"

"तुझ्याबद्दल त्यांना सवय आहे," हे बोलून गेले आणि जीभ चावली.

तेव्हा मला डॉटबाईंचा गुडघा आठवला. गणपतीला जाता आलं नाही तेव्हा 'सुलभाला रजा नाही'. वास्तुशांतीला गेलो नाही तेव्हा 'सुलभाला विमानाचा त्रास होतो'. बारा वर्षं माझ्या खांद्यावर बंदूक ठेवून हे सांगलीवर गोळ्या झाडत होते, आणि तिकडे माझं नाव हट्टी पडलं होतं. मला संताप आला. आणि खरं सांगते, त्याच वेळी मला यांची माया आली. बिचाऱ्याने मी अंघोळीला गेले असताना, गारठ्यात बसून, बायकोच्या तेलाने बायकोच्या फळ्या माखल्या होत्या. 'नाही' या एका शब्दाला केवढा खटाटोप!

"पैज मी जिंकले ना?" मी विचारलं.

"हो."

"मग माझं चालणार. माझं म्हणणं असं आहे की दादांना फोन तुम्ही करायचा आणि माझं नाव काढायचं नाही."

यांनी वायपरचा वेग वाढवला.

घरी आल्यावर ओले बूटही न काढता मी फोन लावला. आमची रविवारची संध्याकाळ म्हणजे सांगलीत सोमवारची सकाळ, दादा चहा घेत असणार. या लांबच्या फोनची एक खोड आहे. आपण बोललेलं क्षणभराने आपल्यालाच परत ऐकू येतं. रिसीव्हर मी यांच्या हातात दिला आणि ऐकायला कान जवळ नेला.

"दादा, मी मधू."

"बोल. काय ठरलं? ती काय म्हणते?"

यांनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं.

"तिचं नाही, माझं सांगतो. मला यायचं नाही, दादा. मलाच."

तारेतून यांचा आवाज परत आला, 'मलाच'. तो ऐकून हे स्वतःच दचकले. पलीकडे कपबशी ठेवल्याचा आवाज झाला. मी यांचा हात धरला.

"बरं," दादा म्हणाले. "दमल्यासारखा का बोलतोयस? पडलास-बिडलास का कुठे?"

"पडलो. बर्फात."

"लागलं?"

"नाही."

"मग ठीक आहे. कारखान्याचं मी बघतो, माझा भाचा आहे. जरा सुलभाला दे."

मी फोन घेतला. दादांनी थेट विचारलं, "काय गं, हा खरंच स्वतः बोलला, की शेजारी उभी राहून तू वदवून घेतलंस?"

"दादा, शेजारी उभी आहे," मी म्हटलं, "पण बोलले ते स्वतःच."

दादा हसले. माझ्याशी फोनवर ते बारा वर्षांत पहिल्यांदाच हसले असतील. मग म्हणाले, "दीड वर्ष लावलंन गाढवाने. आणि मी उगीच तुझ्यावर चरफडत होतो."

प्रवासाला जाऊन माणसाने काहीतरी शिकून यावं म्हणतात. मी शिकले की उन्हातल्या आणि पावसातल्या बर्फाला एकच फळी चालत नाही, आणि खोबरेल तेल दुपारपर्यंतच टिकतं. त्या रात्री बघितलं तर बरणीत थेंबभर तेल उरलं नव्हतं. मी ती धुऊन ठेवली. पैजेचा नियम होता, वरपासून खालपर्यंत, न पडता. माझ्या मते त्या दोन दिवसांत हे तसा एकच उतार उतरले, घरात, ओल्या बुटांनी, आणि तोही तेलाशिवाय.