शेवाळाची बाजू

शेजारच्या बाईंनी सगळी नोकरी एका समुद्रकिनाऱ्यावरच्या जिवांचा अभ्यास करण्यात घालवली. निवृत्तीनंतर त्या भाजे गावात राहायला आल्या. दर सोमवारी त्या ओढ्यावर जातात आणि रविवारच्या पर्यटकांनी उलटेपालटे केलेले दगड शेवाळाची बाजू वर करून परत ठेवतात. मला ते बघूनच दमायला होतं.

गुरं घेऊन चाललेल्या मावशींनी एकदा विचारलं, "बाई, दगडं कशापायी उलटी करताय?"

"होती तशी ठेवतेय. खाली जीव राहतात."

"रविवारी लोकं परत उचलत्याल की."

"व्हय," बाई त्यांच्यासारखंच म्हणाल्या.

घरी येताना मी विचारलं, "तुमचा तो किनारा आता कसा आहे?"

"भराव टाकला. जेट्टी झाली तिथं," असं म्हणून त्या वाटेतल्या दगडाची शेवाळाची बाजू शोधायला वाकल्या.