दुकानाचा कम्प्युटर अन् माहा गेम

भावांनो, लालबर्ऱ्यात माहं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. दुपारी गिऱ्हाईक नसलं की त्याच कम्प्युटरवर मी गेम खेळतो.

आज गेमनं चिटिंग पकडणारं सॉफ्टवेअर टाकाले लावलं. मी न वाचताच हौ केलं. मंग समजलं, कम्प्युटर चालू झाला की तेबी चालू होते, अन् आतलं सगळं पाहू शकते.

आत अर्ध्या गावाचे आधार अन् जातीचे दाखले आहेत.

तेवढ्यात शेजारच्या काकू कागद घेऊन आल्या. "बाबू, माहे कागद कोनी पाह्यत त नाही ना?"

"नाही काकू," म्हनलं.

गेम काढला. सॉफ्टवेअर काही निघून नाही राह्यलं. थकलो आता. तुम्ही काय सांगतलं असतं काकूले?

गेममधी मी कधी चिटिंग केली नाही. काकूसंग आज केली.