डावीकडची चटणी

"बेन, आंख तो सारी छे," एमआरआयची फिल्म उजेडासमोर धरत डॉक्टर म्हणाले. म्हणजे डोळे ठणठणीत. पण डोळ्यांनी डावीकडचं जे पाहिलं, त्याची ह्यांचा मेंदू दखलच घेत नव्हता. मेंदूच्या उजव्या भागाचा रक्तपुरवठा तुटून स्ट्रोक आला होता. या लक्षणाला ‘लेफ्ट निग्लेक्ट’ म्हणतात. डावीकडचं जग असतं, पण माणसाच्या लेखी नसतं.

त्या सकाळी ह्यांनी अर्धीच दाढी केली होती. "अहो, ब्लेड बोथट झालं का?" म्हणून मी हसले. ते हसणं मला अजून टोचतं. तुमच्या घरी असं दिसलं तर हसू नका, तडक दवाखाना गाठा.

नऊ दिवसांनी आम्ही रावपुऱ्यातल्या घरी आलो. ह्यांचं ताट अर्धंच संपायचं. वर रोज विचारायचे, "चटणी नाही केलीस?" चटणी-कोशिंबीर डावीकडे वाढायची, हे आपल्या हाडीमाशी मुरलेलं. शेवटी राहवेना. रीत मोडून सगळं उजवीकडे वाढलं. झोपाळ्यावरची छत्तीस वर्षांची डावी जागा सोडून मीही उजवीकडे बसू लागले. ताट चाटूनपुसून साफ, आणि हे माझ्याशी गप्पा मारताहेत! मी खूश.

फेरतपासणीला डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "सगळं परत डावीकडे न्या. त्यांना शोधू द्या. तिकडे वळायची मेंदूला सवय लागली पाहिजे. तुम्हीसुद्धा डावीकडेच बसा."

बसले. संध्याकाळी खांद्याला खांदा लागलेला असायचा आणि हे स्वयंपाकघराकडे बघून हाक मारायचे, "अगं, ये ना जरा. करमत नाही."

"इथेच आहे हो," म्हटलं तरी उजवीकडेच शोधायचे. उठून पलीकडे गेले असते, तर दिसले असते. उठले नाही. शेजारी बसलेल्या नवऱ्याची इतकी आठवण येते, हे मला ठाऊक नव्हतं.

हे अजून पूर्ण बरे नाहीत. पण परवा जेवताना पुन्हा म्हणाले, "चटणी?" मी डावीकडेच बसले होते. त्यांची बोटं ताटाच्या काठाकाठाने डावीकडे सरकली. मागोमाग मान वळली. चटणी सापडली. तिच्यापलीकडे माझा हात दिसला, मग मी.

"अगं, होतीस कुठे इतके दिवस?"

"चटणीपाशी," मी म्हटलं.